कोपऱ्यातलं कोपर

बैठक शाळेच्या ग्रंथालयात.
खुर्च्या चौथीतल्या पोरांच्या, गुडघे हनुवटीला लागतात.
बाहेर उणे बावीस. लोकांनी गाड्या चालूच ठेवल्यात,
त्यांचा धूर खिडकीशी उभा राहून ऐकतोय.

मुद्दा सहावा : पुढच्या हंगामापासून पंच दोन की तीन.
(पाचवा मुद्दा बॉयलर. तो पंचावन्न मिनिटं चालला.)

ऑस्टविग बाई हिशेब मांडतात.
एका पंचाचे नव्वद डॉलर, वर पेट्रोल,
मुलींचे घरचे सामने अकरा, मुलांचे दहा.
"आणि माणसं आहेत कुठे?"
खरंय. या टोकाला आम्ही चौदा उरलोय.
एकाला मागच्या वर्षी कुणाच्या तरी बापाने पार्किंगमध्ये गाठलं,
तो आता बर्फाला भोक पाडून मासे धरतो, शिट्टीचं नाव काढत नाही.
इथे तिसरा आणायचा
म्हणजे पलीकडच्या गावात एकही नाही.
तीन तिगाडा, असं मागून कुणीतरी पुटपुटतं.

सत्तावीस हिवाळे मी आणि लोवेल क्विस्ट.
दोघंच.
एक बास्केटखाली, एक मागून धावणारा,
फाउल झाला की जागा बदलायची.
तो अंगठा जरासा हलवायचा, मला कळायचं.
त्याची बायको गेली, म्हणजे घर सोडून गेली,
हे मला एका हाफटाइमला कळलं,
त्याने अर्धं सफरचंद माझ्यापुढे धरलं तेव्हा.
दोन पुरतात, असं मी सगळ्यांना सांगत आलो.
पायात दम असला की दोन पुरतात.

पण मला त्या कोपऱ्याबद्दल बोलायचंय.

केसलरच्या मुली, तिसरा क्वार्टर.
चेंडू उजवीकडे, म्हणून मी उजवीकडे, लोवेलही.
डाव्या कोपऱ्यात, जिथे चेंडू नव्हता,
ताटलीत खडा पडावा तसा आवाज.
वळलो तर ब्रिना टोफ्टे ओंजळीत दात धरून उभी.
रडत नव्हती.
मोजत होती.

कोपऱ्यातलं कोपर. कुणाचं,
ते आजही शपथेवर सांगता येणार नाही मला,
आणि जे पाहिलं नाही त्याची शिट्टी वाजवता येत नाही.
"काणाडोळा केला!" सगळी बाकं ओरडली.
अहो, काणाडोळा करायला
एखादा डोळा तरी शिल्लक लागतो.
दहा पोरी, चार डोळे,
चारही चेंडूला, गुळाला माश्या तसे.

मग या डिसेंबरात एक सामना तिघांनी करून पाहिला.
तिसरी टोवा रायनहोल्ड, वय एकोणीस,
दिवसा धान्याच्या गोदामात वजनं लिहिते.
कोपरा तिने घेतला.
आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
बघायला फुरसत मिळाली.
फ्री थ्रोआधी एक पोरगी स्वतःशीच काहीतरी गुणगुणते, ते पाहिलं.
पाहुण्या कोचच्या हातातला कागद थरथरतो, तो पाहिला.
एकही दात पडला नाही त्या रात्री.

हाफटाइमला टोवा बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली,
अगदी हळू, लोवेलला ऐकू जाऊ नये म्हणून,
"शेवटच्या तीन धावांत तुम्ही मागे पडलात.
ती बाजू मी बघितली. काळजी करू नका."

सहा डोळे.
त्यांतले दोन माझ्यावरही असणार,
हे कुणी सांगितलं नव्हतं,
नव्वद डॉलरच्या हिशेबातही ते नाही.

"तुमचं मत?" ऑस्टविग बाई चष्म्यावरून बघतात.
माझं मत या गावात सगळ्यांना पाठ आहे.
खिशात चिठ्ठीही आहे, बायकोच्या अक्षरात : दोन पुरतात, कारणं पाच.
मी उठतो. खुर्ची माझ्याबरोबर उठते,
कमरेत अडकलेली. हसतात लोक.

मागच्या रांगेत लोवेल, नवा गुडघा लांब पसरून.
तो हसत नाही.
हात मांडीवरच ठेवून
अंगठा जरासा हलवतो.